पालखीच्या उंचीवरून

तुंगार्लीचे भास्कर निमकर यंदा अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी राहत्या घरी वारले. जेवण झाल्यावर ते व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत पडले होते. पत्नी मालतीबाई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा सगळे संपले होते. वय सत्तरीच्या पुढे होते, आजार असा काही नव्हता. पुण्याच्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत संध्याकाळी ट्रंक कॉल आला तो मालतीबाईंचाच. आवाज खरखरत होता. "हे गेले," एवढे सांगून त्या म्हणाल्या, "बातमीत बागवाले म्हणू नका. नेपथ्यकार म्हणा. त्यांना ते आवडायचं." बातमी चार ओळींची झाली आणि आतल्या पानावर गेली. नेपथ्यकार हा शब्द तीत होता. चार ओळींत जे बसले नाही ते इथे लिहीत आहे.

भास्कररावांचा जन्म कान्हे गावचा. वडील शाळामास्तर होते. मुलगा चित्रे चांगली काढतो म्हणून एका फिरत्या नाटक कंपनीत पडदे रंगवायला गेला आणि पुढची वीसेक वर्षे त्याने राजवाडे, अरण्ये, कारागृहे आणि वैकुंठ उभे केले. लपवणे हा आपला खरा धंदा, असे ते सांगत. पडदा दाखवण्यासाठी नसतो, पडद्यामागची दोरी दिसू नये म्हणून असतो. हे त्यांना शिकवले ते एका फजितीने. पौराणिक नाटकाचा प्रयोग रंगात आलेला, रंगमंचावर द्रौपदी धावा करते आहे, आणि डावीकडच्या शेवटच्या खुर्चीवरचा एक म्हातारा मोठ्यांदा म्हणाला, "थांब बाई, देवाची विडी संपू दे." विंगेत श्रीकृष्ण विडी ओढत उभा होता. समोरच्या कुणाला तो दिसत नव्हता, म्हाताऱ्याला दिसत होता. प्रयोग तिथेच आटोपला. त्यानंतर कंपनी जिथे जाई तिथे भास्करराव प्रयोगाआधी दोन्ही टोकांच्या शेवटच्या खुर्च्यांवर जाऊन बसत. "पहिल्या रांगेतला माणूस फसायलाच आलेला असतो. नाटक उभं करायचं ते सगळ्यांत वाईट खुर्चीसाठी," असे म्हणत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले.

कंपनी मोडली ती पन्नासच्या दशकात. पडदे विकले गेले, कापडाच्या भावाने. भास्कररावांनी आपल्या वाट्याला एक घडीची शिडी मागून घेतली, रंगाचे डाग पडलेली, आणि लोणावळ्याला आले. मुंबईची मंडळी हवा खायला येतात, त्यांच्या मुलांना करायला काही नसते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. तुंगार्लीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिच्या लगत दगडाची एक जुनी, सोडून दिलेली खाण होती. ती जागा वाडीतल्या धोंडूआबांच्या भावकीची. आबा वाडीतले जाणते. भात, नाचणी आणि मोलमजुरी यांवर वाडीची गुजराण. खाणीतून कुणाला काही मिळत नव्हते, तेव्हा ती भाड्याने द्यायला हरकत नव्हती. हरकत निघाली ती पाळण्यावर. भास्कररावांना तिथे मुलांची बाग करायची होती आणि बागेत आकाशपाळणा हवा होता. चार हातांचा, प्रत्येक हाताच्या टोकाला एक डबा, ऑइल इंजिनावर फिरणारा, दोन मजली घराहून उंच. जत्रेतल्या पाळण्याचाच थोरला भाऊ.

वाडीच्या देवीचे नाव उंबरजाई. देऊळ ठेंगणे, कौलारू, त्यावर पितळेचा छोटा कळस. देवीच्या नजरेसमोर तिच्या कळसाहून उंच काही उभे राहायचे नाही, असा वाडीचा रिवाज. पेंढ्याच्या गंजीसुद्धा तिथे टेकडाआड रचतात, आणि लग्नाचा मांडव घालतात तो वाकून आत जावे लागेल इतका खाली. आबांनी भास्कररावांना हे सांगितले तेव्हा मी तिथे होतो. वार्ताहर म्हणून त्या भागात माझी नेहमी फेरी असे, आणि निमकर नावाचे कुणी गृहस्थ खाणीत बाग करणार आहेत ही बातमी होण्यासारखी गोष्ट होती.

"पाळणा करा, न्हाई म्हनत न्हाई," आबा म्हणाले. "पर आईला दिसता कामा नये."

"आईला दिसता कामा नये, की कुणालाच दिसता कामा नये?"

"मानसांचं काय, मानसं कायबी बघत्यात."

दुसरा कुणी असता तर तिथून उठला असता. भास्करराव उठले ते देवळाकडे निघाले. त्यांच्या दृष्टीने अडचण ओळखीची होती. एक प्रेक्षक, एक खुर्ची, आणि त्या खुर्चीवरून एक वस्तू दिसू द्यायची नाही. शिवाय पाळणा झाकायचा हे त्यांच्या मनात आधीपासूनच होते. बागेच्या फाटकातून पाळणा दिसला तर माणूस तिथेच त्याची उंची मोजतो आणि निम्मी गंमत फाटकातच संपते, असे त्यांचे मत. वाट बांबूतून न्यायची, इंजिनाचा आवाज ऐकू द्यायचा, दुसरे काही दाखवायचे नाही, आणि शेवटच्या वळणावर एकदम पाळणा समोर आणायचा. मालतीबाईंना हे कधी पटले नाही. "लोक दुकानात माल पुढे मांडतात. आमच्याकडे माल लपवून फाटकावर पाटी," असे त्या येईल त्याला सांगत.

देवळातली उंबरजाई म्हणजे शेंदराचा तांदळा, मूर्ती न घडवलेला दगड, माणसाच्या गुडघ्याएवढा, त्याला चांदीचे डोळे. त्या डोळ्यांना काय दिसते हे पाहायचे तर डोळा तितकाच खाली न्यायला हवा. भास्कररावांनी आबांची परवानगी घेतली, सदरा काढला आणि ते देवीकडे पाय होणार नाहीत अशा बेताने उंबऱ्यावर हनुवटी टेकून आडवे पालथे पडले. तिकडे खाणीत दोन गड्यांनी दोन बांबू जोडून, टोकाला तांबडे फडके बांधून, पाळणा जितका उंच व्हायचा तितके उभे धरले होते. वाडी जमली होती. आबांच्या चुलत बहिणीला सगळे सकूमावशी म्हणत. ती मोळी घेऊन चालली होती, ती मोळीसकट थांबली.

"ह्यो बाबा आईफुडं पालथा पडून मागतोय तरी काय?" तिने विचारले.

"काय मागत न्हाई. बघतोय," आबा म्हणाले.

"बघायला एवढं लोळाया लागतंय व्हय? आमाला उभ्यानं दिसतंय की फडकं."

"तुला दिसतंय गं. आईला दिसतंय का ते चाललंय."

आईला दिसत होते. भास्कररावांनी पाळण्याची बैठक खाणीच्या तळाशी, सगळ्यांत खोल कोपऱ्यात हलवली. देवळाच्या बाजूच्या काठावर त्यांनी बांबूची दाट फळी लावली. ती वाढेपर्यंत पुढचे कामच काढले नाही. रंगाचा प्रश्न त्यांनी बरेच महिने घोळवला. सगळे म्हणत, हिरवा द्या, झाडांत मिसळून जाईल. ते म्हणत, हिरवा रंग कुठल्याच झाडाचा नसतो, रंगाच्या डब्यातला हिरवा सगळ्यांत आधी दिसतो. शेवटी पाळण्याच्या खांबांना आणि हातांना त्यांनी फिकट राखाडी रंग दिला, पावसाळी आभाळाचा. डबे मात्र लाल आणि पिवळे, मुलांसाठी. बांबू वाढल्यावर पुन्हा फडके धरले गेले, भास्करराव पुन्हा पालथे पडले, त्यांच्या शेजारी आबा पालथे पडले, आणि दोघांचे एकमत झाले. दिसत नव्हते. त्या दिवशी भास्कररावांनी देवीपुढे बेलभंडार उचलून शब्द दिला, की पाळणा आईच्या नजरेला पडला तर त्याच दिवशी उतरवीन. असा शब्द कुणी मागितला नव्हता. त्यांनी आपण होऊन दिला. गाठीला होते ते सगळे त्यांनी त्या पाळण्यात घातले होते, आणि पाळणा नसता तर बाग म्हणजे दोन झोपाळे आणि एक घसरगुंडी उरली असती, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होते.

बाग दसऱ्याला उघडायची ठरली. मी सकाळीच पोचलो. पाळणा उभा होता, इंजिनाला झेंडूची माळ होती, उद्घाटन संध्याकाळी, पालखी परत आल्यावर. वाडीचे शिलंगण वरच्या माळावर होते. आई देवळातून पालखीत बसून निघते, खाणीच्या बाजूने डोंगरवाट चढते, माळावर सोने लुटले जाते आणि अंधार पडायच्या आत ती परतते. पालखीत तांदळा नसतो, चांदीचा मुखवटा असतो. भास्करराव धुतलेले धोतर नेसून पालखीबरोबर चालत होते. हलगी वाजत होती. खाणीच्या वर एक वळण आहे, तिथे पालखी थांबली. भोई म्हणाले, पालखी जड झाली. खांदेकरी बदलले. तरी ती पुढे जाईना. पालखी जड झाली म्हणजे आईच्या मनात काही आहे, असे तिथे मानतात. आबांनी मुखवट्याच्या तोंडासमोर काय आहे ते पाहिले, आणि मग सगळ्यांनीच पाहिले. बांबूच्या शेंड्यांवर पाळण्याचा वरचा हात आणि त्याला लटकलेला डबा. लाल.

भास्कररावांनी देवीची नजर देवळात बसलेली धरली होती. आईसुद्धा वर्षातून एकदा उठते, माणसांच्या खांद्यावर चढते आणि चालत डोंगरावर जाते, हे त्यांच्या हिशोबात नव्हते. नाटकवाल्याच्या हिशोबात प्रेक्षक जागचा हलत नाही. पण त्यात आश्चर्य वाटावे ते वाडीचे. आबा लहानपणापासून या वाटेने पालखीपुढे चालत होते. सकूमावशी रोज मोळी घेऊन त्याच वळणावरून उतरत होती आणि पाळण्याचे टोक रोज पाहत होती. "बघितलं की," ती नंतर म्हणाली. "मला दिसलं. आईबी ह्याच वाटंनं जाती, हे डोस्क्यात न्हाई आलं."

हलगी थांबली. आबांनी भास्कररावांकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि ते मला अजून आठवते, कारण त्या न पाहण्यात फार माया होती. भास्करराव म्हणाले, "आबा, शब्द दिलाय. आजच उतरवतो." त्यांनी दोन गडी बरोबर घेतले आणि ते खाणीत उतरले. पालखी जमिनीला टेकवायची नसते, तेव्हा ती खांद्यावर तशीच राहिली. भोई पाळीपाळीने खांदा देत राहिले. वरून खाणीचा तळ दिसत नव्हता. हातोडीचे आवाज येत होते.

पाळणा उतरवायचा म्हणजे आधी खालचा डबा काढायचा, मग पुढचा हात खाली आणून त्याचा डबा काढायचा. पहिला डबा निघाला. दुसरा निघाला. गड्यांनी हात सोडले, आणि दोन डब्यांचे वजन एका बाजूला राहिल्याने पाळणा आपसूक फिरला. जड हात खाली गेले, रिकामे दोन हात वर आले, पण सरळ नाही, दोन्हीकडे तिरपे. चारही हात फुलीसारखे झाले आणि पाळण्याची उंची तेवढी कमी झाली. खाली हे कुणाच्या लक्षात आले नाही. वर वळणावर उभे असलेल्यांनी पाहिले ते एवढेच, की बांबूवरचे टोक डावीकडे कलले आणि गेले.

"गेला कुटं?" भोयांपैकी एक म्हणाला.

आबा वाकून पालखीच्या दांडीखाली गेले. मुखवट्याच्या गालाला गाल लागेल इतके जवळ तोंड नेऊन त्यांनी बराच वेळ समोर पाहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, "चला."

पालखी निघाली. जडपणा गेला होता, असे चारही भोयांनी सांगितले. हलगी पुन्हा सुरू झाली. खाणीत मात्र हातोडीचा आवाज चालूच होता, कारण भास्कररावांना कुणी काही कळवलेच नाही. सकूमावशी धावत खाली गेली. मी तिच्यामागे होतो. भास्करराव तिसऱ्या डब्याचा बोल्ट सोडवत होते. धोतराला ग्रीस लागले होते.

"भाऊ, थांबा की. आई फुडं गेली."

"जाऊ दे. माझं काम व्हायचंय."

"आवं, काम झालं. दिसंना झालाय तुमचा पाळणा."

"दिसेना कसा? उभा आहे हा."

"तुमाला दिसतोय. आईला न्हाई."

भास्कररावांनी पाना खाली ठेवला, पाळण्याकडे पाहिले, फुलीकडे पाहिले, आणि ते खाणीतल्या एका दगडावर बसले. त्यांच्या सगळ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला पडदा त्यांच्या हातून पडला होता, आणि तो पडताना त्यांनी तो पाहिला नव्हता... पाणी मागून त्यांनी एक तांब्या संपवला. मग विचारले, "आबा काय म्हणाले?"

"चला म्हनले."

"बाकी?"

"बाकी काय? चला म्हनलं की चला."

आबांचा निवाडा दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओसरीवर झाला. भास्कररावांचे म्हणणे होते की शब्द मोडला, आईने पाळणा पाहिला. आबांचे म्हणणे होते की शब्द त्याच दिवशी उतरवायचा होता, आणि त्याच दिवशी उतरायला लागला. "पुरा कवा उतरवायचा ते कुटं ठरलं हुतं?" ते म्हणाले. तोड निघाली ती अशी. दर वर्षी खंडेनवमीला दोन डबे काढायचे. त्या दिवशी वाडीत कोयते, विळे, नांगर यांची पूजा असते, त्यांच्याबरोबर डब्यांचीही करायची. दसरा झाला की परत चढवायचे. भास्कररावांनी सुचवून पाहिले की डबे काढण्याची गरज नाही, पाळणा तिरपा करून दोराने बांधला तरी चालेल.

"बांधलेला दोर सुटतो, भाऊ," आबा म्हणाले. "उतरवलेला डबा चढत न्हाई."

बाग उघडली ती दसऱ्याऐवजी दिवाळीत. चालली. सुट्टीच्या दिवशी फाटकाशी गर्दी होई. फाटकातून परत जाणारेही असत, आत काही नाही असे म्हणत. मालतीबाई त्यांना हाका मारून परत आणत. वाडीतली चार-पाच माणसे बागेत कामाला लागली. आबा एकदाच पाळण्यात बसले, धुक्याच्या दिवसांत, भास्कररावांच्या शेजारी. उतरल्यावर मी विचारले, वरून काय दिसले. "काय न्हाई," ते म्हणाले. "हितं दिसत न्हाई तेच तितंबी दिसत न्हाई. पर बरं वाटलं."

पुढे तुंगार्लीत बंगले उठले, बंगल्यांवर पाण्याच्या टाक्या आल्या, आणि काहीतरी नजरेआड करायचे म्हटले की लोक भास्कररावांना बोलावू लागले. ते आधी विचारत, कुणाच्या नजरेआड? मुंबईच्या एका शेठजींना आपल्या गच्चीवरून वाडीची छपरे दिसायला नको होती. भास्करराव त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले, चहा घेतला, आणि मग वाडीत जाऊन सकूमावशीच्या अंगणात बसले. परत येऊन म्हणाले, "त्यांच्या अंगणातून तुमच्या न्हाणीघराची खिडकी दिसते. छपरं तुम्हाला नको आहेत, खिडकी त्यांना नको आहे. एकच बांबू दोघांना पुरेल, पण तो लावायचा तुमच्या हद्दीत." शेठजींनी तो लावला. अशी कामे त्यांना मनापासून आवडत. संध्याकाळी व्हरांड्यात बसून ते समोरच्या डोंगराकडे पाहत आणि त्यात आपण काय काय लपवले आहे ते सांगत. ज्याने पाहिले नसेल त्याला त्या डोंगरात काहीच दिसत नसे. ते तृप्त माणूस होते. असे म्हणण्याची वेळ वार्ताहरावर क्वचित येते, म्हणून लिहून ठेवतो.

पहिल्या दसऱ्यानंतर त्यांनी स्वतःवर एक काम लावून घेतले होते. कंपनीतून आणलेली ती घडीची शिडी दसऱ्याच्या सकाळी ते वळणावर नेऊन उभी करत आणि डोळे मुखवट्याच्या उंचीला येतील इतके चढून खाणीकडे पाहत. बांबू दर वर्षी वाढतो, वाकतो, पावसात पडतोही, तेव्हा पाहिल्याशिवाय खात्री नाही, असे त्यांचे म्हणणे. पाहून झाले की खाली उतरत आणि वाट पाहणाऱ्या आबांना "दिसत नाही" असे सांगत. आबा ते देवीला सांगत. मग पालखी निघे. हे इतकी वर्षे चालले, की वाडीतल्या लहान मुलांना शिडी हा पालखीच्याच सरंजामाचा भाग वाटतो.

यंदा खंडेनवमीला मी लोणावळ्यात होतो. बाग बंद होती. भास्कररावांना जाऊन महिनाही झालेला नव्हता, आणि डबे कोण काढणार हे मी मालतीबाईंना विचारणार होतो. दुपारी देवळाशी गेलो तेव्हा दोन्ही डबे ओसरीवर होते, धुतलेले, हळदकुंकू लावलेले, विळ्या-कोयत्यांच्या रांगेत. कुणी काढले ते मी विचारले नाही.

दसऱ्याच्या सकाळी वळणावर शिडी उभी होती. मालतीबाईंनी ती गड्याच्या डोक्यावर देऊन आणली होती. आबा आता काठीशिवाय चालत नाहीत, ते खाली दगडावर बसले होते. मालतीबाईंनी पदर खोचला. सकूमावशीने शिडी धरली आणि म्हणाली, "वैनी, पडाल. मी चढते."

"तुम्ही धरा. मी बघते."

त्या चढल्या. बराच वेळ वर उभ्या राहिल्या.

"आबा," त्या म्हणाल्या, "दिसत नाही."

आबा काठी टेकत देवळाकडे गेले. पालखी निघाली. वळणावर ती थांबली नाही.